पहिल्या माळ्यावरचं काम

घरातला पंखा बिघडला की लोक मिस्त्रीला बोलावतात. आमचे घरमालक काका आधी पंख्याच्या बटनाला लाल टॅग बांधायचे, मग डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवायचे, मग स्टुलावर चढायचे, आणि स्टूल धरायला काकूंना खाली उभं करायचे. काकूंनीही हेल्मेट घालावं असा त्यांचा आग्रह असे. काकू म्हणायच्या, "पंखा पडला तं तुमच्या डोक्यावर पडन. माह्या डोक्यावर तुमी पडान. त्याले हेल्मेट काय करन?"

काका गंभीर चेहऱ्यानं खाली बघून एवढंच विचारायचे, "टॅग लागला हाय ना?"

भिलाईच्या कारखान्यात भट्टीच्या मेंटेनन्समध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. सेक्टर सहामधलं कंपनीचं क्वार्टर सोडून त्यांनी सुपेल्याच्या मागच्या गल्लीत दुमजली घर बांधलं. मुलगा नोकरीला हैदराबादला. खाली काका-काकू आणि वर भाड्यानं आम्ही नवरा-बायको. कारखाना सुटला, पण त्यांच्यातून कारखाना सुटला नाही. पहिल्या शिफ्टच्या वेळेला उठून, आंघोळ करून, काकूंनी भरलेला डबा घेऊन ते जिन्यानं गच्चीवर जायचे. टाकी बघायची, वायरी बघायच्या, गल्लीतल्या खांबावर कोणी आकडा टाकलाय का ते बघायचं, आणि मग टाकीच्या सावलीत बसून डबा खायचा. तोच भात, तीच भाजी खाली पाटावर बसून खाल्ली की त्यांना आजारी रजेवर असल्यासारखं वाटे. भाजी आणायला जातानाही पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. सुपेल्याच्या गर्दीत एकदा एका स्कूटरचं चाक त्यांच्या पायावरून गेलं, तर स्कूटरवालाच पडला. काका महिनाभर ती हकीकत सांगत होते.

लाल टॅगचं शास्त्र मला त्यांनीच समजावलं होतं. कारखान्यात एखाद्या मशीनच्या आत माणूस काम करत असला की तिच्या बटनाला टॅग लावतात. टॅग असेपर्यंत कितीही मोठा साहेब आला तरी ते बटन दाबू शकत नाही. आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्या कोणी नाही. काका पुठ्ठ्याचे तुकडे कापून, लाल रंगवून, त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहीत: "सावधान! काम चालू है." दोरा ओवून असे टॅग त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तयार असत. विरजण लावलेल्या पातेल्याला टॅग. काकूंनी नुकत्याच पुसलेल्या ओट्याला टॅग. विहारातल्या एका बैठकीत दोन माणसांचं भांडण जुंपलं तेव्हा काकांनी मधल्या माइकला टॅग बांधला आणि म्हणाले, "आधी निपटवा, मंग चालू करा." भांडण खरंच निपटलं, कारण सगळे हसायला लागले.

दुसरा त्यांचा कायदा रिलीव्हरचा. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. एकदा सुपेल्याच्या चौकात एका भाजीवाल्यानं त्यांना म्हटलं, "काका, जरा देखना, चाय पीके आता हूँ." भाजीवाल्याला चहाच्या टपरीवर साला भेटला, सालेसाहेबांना घेऊन तो घरी गेला. दुपार झाली तरी काका घरी आले नाहीत म्हणून काकूंनी मला शोधायला पाठवलं. बघते तर काका भोपळ्यांच्या ढिगामागे ताठ उभे. गिऱ्हाईक आलं की सांगत होते, "इंचार्ज नहीं है. बाद में आना."

मी म्हटलं, "काका, चला ना घरी."

"रिलीव्हर कुठं हाय?"

शेवटी मीच रिलीव्हर झाले. काका घरी जाऊन जेवून परत येईपर्यंत मी भर उन्हात भोपळ्यांची राखण केली, आणि माझ्या दोन विद्यार्थिनींच्या आयांनी मला तशी बघितली. मला इतका राग आला होता की भाजीवाला परत आल्यावर मी त्याच्याकडून भोपळा फुकट घेतला.

अशा माणसाच्या डोक्यावर मी राहत होते, तेव्हा मला दिवस गेले.

त्याआधी एकदा गेले होते, आणि राहिले नव्हते. तेव्हा आम्ही माझ्या शाळेजवळ, कुम्हारीला राहत होतो. सासूबाईंनी गोंदियाहून फोनवर बजावलं होतं, "तीन महिने होत परेंत कोनाले सांगू नोको. नजर लागते." आमच्याकडे सगळ्याच घरांत असं सांगतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही कोणाला सांगितलं नाही. मग जे झालं तेही सांगता येईना. ज्याच्या येण्याची बातमी कोणाला नव्हती, त्याच्या जाण्याची कोणाला देणार? रविवारी पडून राहिले आणि सोमवारी वर्गात उभं राहून गुणाकार शिकवले. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "चेहरा उतर गया है, वायरल है क्या?" मी म्हटलं, हो.

म्हणून ह्या वेळी मी तोंड शिवून घेतलं होतं. नवरा एकदा आनंदानं मोठ्यानं बोलला तर मी त्याच्यावर उशी फेकली. मला हे मूल हवं होतं. फार हवं होतं. आणि ज्याची आस धरलीय ते कोणाला कळलं नाही तर निदान त्याचं जाणं तरी झाकता येईल, असा माझा हिशेब होता.

पण वरच्या मोरीतल्या ओकाऱ्यांचा आवाज खालच्या स्वयंपाकघरात जात होता. काकू एका सकाळी वाटीभर कोरडा मुर्रा घेऊन वर आल्या. इकडे छत्तीसगडात मुरमुऱ्यांना मुर्रा म्हणतात. "उठल्या उठल्या हे खाय जरासं. मंग चहा," त्या म्हणाल्या. आणि दार लोटून घेत हळूच पुढे म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको बाई. ह्याइले तं बिलकुल नाई."

पण ह्यांचं, म्हणजे काकांचं, आयुष्य आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलंय ते ओळखण्यात गेलं होतं. त्यांच्यापासून काय लपणार? दुसऱ्याच दिवशी मी शाळेत जायला खाली उतरले, तर फाटकासमोर उभ्या माझ्या स्कूटीच्या हँडलला लाल टॅग लटकत होता. सावधान, काम चालू है.

समोरच्या किराणावाल्यानं विचारलं, "क्या काका, गाड़ी बिगड़ गई क्या?"

"गाड़ी ठीक है," काका गच्चीवरून ओरडले. "फर्स्ट फ्लोर पर नया यूनिट बैठ रहा है. टाइम लगेगा."

किराणावाल्याला काही कळलं नाही. त्याच्या बायकोला लगेच कळलं. मी मान खाली घालून बस पकडली. संध्याकाळी परत आले तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाई माझ्याकडे बघून हसत होती, आणि कोपऱ्यावरचा ऑटोवाला मला थांबवून सांगत होता, "मोला फोन करबे दीदी, तुरते आहूं." म्हणजे, मला फोन कर, लगेच येईन.

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले. त्याच आठवड्यात मी तिसरीच्या वर्गावर होते आणि शिपाई बोलवायला आला. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत काका बसलेले. हेल्मेट मांडीवर, शूज जुळवलेले. सुपेल्याहून बस धरून कुम्हारीला आले होते. मॅडमना ते आपल्या हिंदीत समजावत होते, "मैडम, ये यहाँ ड्यूटी पर है, तब तक आप इंचार्ज. कुछ भी हुआ तो अकेला नहीं छोड़ना. जब तक हमारा आदमी नहीं आता, आप हिलना नहीं." मॅडम हसू दाबत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या संध्याकाळी मी खाली गेले ती भांडायलाच गेले. काकू भाजी निवडत बसल्या होत्या.

"काका, तुमाले कोनं सांगतलं होतं कुम्हारीले जाले? हे माहं हाय. कोनाले सांगाचं, कोनाले नाई, ते मी पाहीन. मांगच्या बारी गेलं, कोनाले मालूम नोतं, म्हनून मी वाचली. आता हे गेलं तं सारी गल्ली विचारन, सारी शाळा विचारन. मी कोनाकोनाले सांगू?"

डोक्यावरचं हेल्मेट काढून काकांनी बाजूला ठेवलं.

"मालूम नोतं म्हनून वाचली?" ते म्हणाले. "एकटी रडली तू, पोरी. त्याले वाचनं म्हनतेत का? हे पाय. राह्यलं तं चार लोकं सांभाळतीन. गेलं तं चार लोकं रडतीन. मंग लपवून फायदा कोनाचा?"

काकू ताट घेऊन उठल्या आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी रागातच वर चढले, पण जिन्यातच मला रडू फुटलं. ते खाली दोघांनाही ऐकू गेलं असणार. कोणीतरी ऐकतंय हे माहीत असताना रडायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायला निघालो तर काका फाटकात तयार. डॉक्टरबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं. लवकर नाव नोंदवलंत हे चांगलं केलंत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. दुकानातून आपल्या मनानं कुठलीही गोळी घ्यायची नाही, डोकेदुखीचीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट, सगळं आत्ताच बघून घेऊ. आणि रक्त दिसलं, पोटात दुखलं, चक्कर आली, तर उद्यावर टाकायचं नाही, तडक यायचं. मी धीर करून मागच्या वेळेचं विचारलं. मी तेव्हा स्कूटी चालवली होती, पाण्याच्या बादल्या उचलल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उसमें आपकी कोई गलती नहीं थी. ज़्यादातर बार किसी की नहीं होती." हे वाक्य मला कोणीतरी वेळेवर म्हणायला हवं होतं. पण कोणाला माहीत असतं तर म्हटलं असतं ना.

मग काकांनी आपले प्रश्न विचारले. घरी त्यांनी एव्हाना जिन्याला टॅग बांधला होता, अंगणातल्या पपईच्या झाडाला बांधला होता, लोणच्याच्या बरणीला बांधला होता आणि टीव्हीवरच्या बातम्यांच्या रिमोटलाही. डॉक्टरबाईंनी शांतपणे एकेक निकालात काढलं. जिना चढू द्या. चालू द्या. कच्ची पपई खाऊ नका, झाडाला उभं राहू द्या. लोणचं थोडं चालेल. बातम्यांबद्दल त्या म्हणाल्या, "वो टैग रहने दीजिए." काकांना जराही वाईट वाटलं नाही. त्यांच्या लेखी डॉक्टरबाई त्या खात्याच्या हेड होत्या, आणि हेडचा आदेश आला की वाद संपला. घरी येऊन हेल्मेट घालून त्यांनी एकेक टॅग स्वतःच्या हातानं सोडला.

एक तपासणी मात्र राहिली. आमच्या विदर्भाकडच्या घरांत आणि इथे छत्तीसगडातही सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌ पिढ्या चालत आलेला आहे. इकडे सगळे त्याला सिकलिंग म्हणतात. माझं रक्त तपासलं तर मी वाहक निघाले. म्हणजे मला आजार नाही, पण माझ्याकडून तो पुढे जाऊ शकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण नवऱ्याचं रक्त लगेच तपासा. दोघंही वाहक असाल तर बाळाला आजार व्हायचा धोका असतो, पुढच्या तपासण्या मग लवकर ठरवाव्या लागतात. उशीर करून चालणार नाही.

माझा नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांची चाकं काढतो-बसवतो. दांडगा गडी आहे. पण सुईचं नाव काढलं की त्याला नेमकी ड्यूटी आठवते. त्यात सासूबाईंचा फोन आला, "आमच्या खानदानात तसलं काई नाई. माह्या पोराले टोचाले कावून नेऊन राहिले?" झालं. आज ओव्हरटाइम, उद्या मीटिंग, परवा सुट्टी म्हणून लॅब बंद. मी रात्र-रात्र त्या एका रिपोर्टचा विचार करत होते आणि हा "करता हूँ ना यार" म्हणत होता.

मग एका सकाळी त्याच्या मोटरसायकलला लाल टॅग दिसला.

"काका, ये क्या मज़ाक है? निकालो ना यार, ड्यूटीले उशीर होऊन राहिला."

काका गच्चीवरून म्हणाले, "जावईबापू, मशीन चालू कराच्या परमिटवर दोन खात्याच्या सह्या लागतेत. मेक्यानिकलची झाली. इलेक्ट्रिकलची बाकी हाय."

आमच्यातलं मेकॅनिकल कोण आणि इलेक्ट्रिकल कोण, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. नवरा तावातावानं म्हणाला, "मी आत्ता तोडतो," आणि त्यानं हात पुढे केला. आणि हात तिथेच थांबला. मी वरच्या खिडकीतून बघत होते. वर्कशॉपमध्ये डब्याला लाल झेंडी लावलेली असली की खाली माणूस असतो, आणि ती झेंडी ज्यानं लावली तोच काढतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे शिकवतात आणि पुढे जन्मभर हात ते विसरत नाही. एक साधा पुठ्ठ्याचा तुकडा, सुतळीनं बांधलेला. शेंबड्या पोरानं ओढला तरी तुटला असता. माझ्या नवऱ्यानं गाडीला एक लाथ घातली आणि तो मेन रोडपर्यंत पायी गेला.

दुसऱ्या दिवशीही पायीच गेला. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका त्याला वाट सोडून उभ्या राहिल्या आणि किराणावाल्यानं विचारलं, "क्या भैया, परमिट नहीं मिला?" त्या दिवशी तो मेन रोडवरून उजवीकडे ड्यूटीला जायच्या ऐवजी डावीकडे लॅबला गेला. त्याला तिथे भोवळ आली हे त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

रिपोर्ट चांगला आला. तो वाहक नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता बाळाला हा आजार होणार नाही, फार तर तुमच्यासारखं वाहक असेल. मी तिथेच खुर्चीत बसून नवऱ्याच्या दंडाला कडकडून चावले. घरी आलो तेव्हा काका फाटकात उभे होते. त्यांनी रिपोर्ट चष्मा लावून वाचला आणि टॅग सोडला. माझा नवरा त्या वेळी सरळ उभा राहिला होता, हे मी पाहिलं. मग त्यानं आईला फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं, "आई, टोचलं मले. काई नाई होत. आन आता मी सगळ्याइले सांगून राहिलो." पलीकडे सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सांग बाप्पा. सारं भिलाई तं सांगूनच राहिलं."

मला वाटलं होतं आता झालं सगळं सुरळीत. तिसरा महिना सरत आला होता. ओकाऱ्या कमी झाल्या होत्या. शाळेत मी पाचवीचा तास संपवून बाथरूमला गेले, आणि मला रक्त दिसलं.

थोडंसंच होतं. पण मागच्या वेळीही थोड्यानंच सुरू झालं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ठाऊक आहे? घंटा झालीय, पुढचा तास घ्यायला जावं. कोणाला काही दाखवू नये. मी चेहरा धुऊन नीट करत होते. मग आरशात स्वतःला बघितलं आणि मला स्वतःचाच राग आला. लपवायला आता उरलंय काय? मी तशीच प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मैडम, मुझे खून दिख रहा है."

त्या बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. गाडीची किल्ली उचलली, एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं काकांना फोन लावला. पूर्ण हायवेभर त्या माझ्याशी बोलत राहिल्या, काय बोलल्या ते मला आठवत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा दारात काका-काकू उभे होते. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यानं त्यांना आमच्याही आधी पोचवलं होतं. काकूंनी माझा हात धरला तेव्हा मॅडमनी सोडला. काकांनी मॅडमना हात जोडले आणि म्हणाले, "मैडम, अब आप छूटे." त्या छूटल्या नाहीत. तिथेच बाकावर बसल्या.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर थोडं थांबायचं होतं. काकू माझ्याजवळ. काका समोरच्या भिंतीशी, हेल्मेट मांडीवर, नजर त्या खोलीच्या दारावर. मी काकूंना म्हटलं, "काकू, मले भेव लागून राहिलं."

काकू माझ्या हातावरून हात फिरवत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "माहं बी एक होतं. पोराच्या आधीचं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"सेक्टर सहाच्या क्वार्टरात राहत होतो. नवीन लगन. सासूनं म्हनलं, तीन महिने तोंड उघडू नोको. नवऱ्याले बी नोको सांगू, मर्दाच्या पोटात राहत नाई. म्या नाई सांगतलं. एक दिवस सकाळपासून पोट दुखून राहिलं होतं. हे डबल ड्यूटीवर. शेजारीन विचारे, काय झालं वं? मी म्हनो, काई नाई. हे घरी आले तवा सारं होऊन गेलतं. मंग सांगतलं. दोनी गोष्टी संगंच सांगतल्या. होतं, आन गेलं."

त्यांनी समोर बघितलं. "तवापासून हे असे हायेत. लोकाइले वाटते प्लांटनं केलं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत डॉक्टरबाई पडद्याकडे बघत पोटावर यंत्र फिरवत होत्या. मी छताकडे बघत होते. छताकडे बघत मी कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, लाज वाटते. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "देखो." त्या करड्या अंधारात एक ठिपका उघडमीट करत होता. त्यांनी एक बटन दाबलं आणि खोलीत आवाज भरला, भरभर, घाईघाईत, धडधड धडधड. "चल रहा है," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छे से चल रहा है." रक्त कशाचं ते त्यांनी समजावलं, काही दिवस आराम सांगितला, पुन्हा बोलावलं, अजून जपायचंय म्हणाल्या. मी सगळं ऐकलं. पण कान त्या धडधडीतच होते.

पुढे मुलगी झाली. वेळेवर झाली, सुखरूप झाली, आणि जन्मल्यापासून आजतागायत तिचा आवाज सुपेल्याच्या चौकापर्यंत ऐकू जातो. बारसं गल्लीनं केलं. पण मला विचाराल तर माझा सण त्या दुपारीच झाला.

मी दार उघडून बाहेर आले. नवरा वर्कशॉपच्या ग्रीसनं माखलेल्या कपड्यांतच धावत आला होता. मॅडम उठून उभ्या राहिल्या. ऑटोवाला दारात होता, गल्लीतल्या दोघी-तिघी जणी त्याच्या मागे होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आजवर पोटातलं काही सांगायचं झालं की माझा आवाज खाली जायचा. त्या दिवशी मी तो पार दुसऱ्या टोकाच्या पेशंटला ऐकू जाईल असा लावला.

"ठोका चालू हाय!"

काका उठले. मांडीवरचं हेल्मेट फरशीवर पडून गडगडत गेलं. आणि भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून जसं बोलावं लागतं, तशा गळ्यानं ते ओरडले, "चालू हाऽऽय! चालू हाऽऽय!" नवरा रडत होता, गल्लीतल्या बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी भिंतीला धरून हसत होते आणि माझे डोळे गळत होते. काका काही थांबेनात.

तिकडून एक नर्स धावत आली. "अंकल! हॉस्पिटल है ये! चुप!"

इतकी वर्षं काकूंनीच त्यांना गप्प केलं होतं, बाजारात, विहारात, लग्नात. मला वाटलं, आताही करतील. काकू उठल्या, नर्सच्या आणि काकांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि मराठीतच म्हणाल्या,

"वरडू दे त्याइले. ह्या बारी त्याइले वेळेवर मालूम झालं."

नर्सला मराठी येत नव्हतं. तरी ती बाजूला झाली, आणि काका आणखी मोठ्यानं ओरडले.